बालकर्करोगाच्या रुग्णालयाशी संस्थेची भागीदारी कशी करावी: नागपुरात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

आमच्या छोट्या संस्थेने पहिल्या वर्षी वॉर्डात फळे वाटली, वाढदिवस साजरे केले आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीबैल आणले. मुले आनंदली. त्याच वर्षी दक्षिण गडचिरोलीतील एक आठ वर्षांचा मुलगा औषधाला यायचा बंद झाला आणि त्याचे कारण आम्हाला दोन महिन्यांनी कळले. धानाच्या रोवणीचे दिवस होते, घरात हात कमी होते, एस.टी.च्या भाड्याला पैसे नव्हते आणि डोक्यावर पुन्हा केस आलेला मुलगा आईवडिलांना बरा झालेला दिसत होता. तो परत आला तेव्हा आजार उलटला होता, म्हणजे दबलेला कर्करोग पुन्हा परतला होता. त्यानंतर आम्ही रुग्णालयाबरोबरचा सगळा व्यवहार नव्याने मांडला आणि एकच मोजमाप ठरवले: नोंद झालेले मूल शेवटच्या मात्रेपर्यंत उपचाराला येते की नाही. पुढच्या पायऱ्या त्या मोजमापाभोवती लिहिल्या आहेत. आपण नागपुरात किंवा विदर्भात अशा कामाला हात घालणार असाल, तर आमची दोन वर्षे जिथे गेली तिथे आपली जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेख आहे.

१. प्रस्ताव लिहिण्याआधी आजार आणि वॉर्ड समजून घ्या

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात आणि अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. याच संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू करून २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले जगावीत असे उद्दिष्ट ठेवले. ही दरी कशाने पडते याची कारणे वाचताना आपल्या संस्थेचे काम आपोआप दिसू लागते: निदानाला उशीर, चुकीचे निदान, औषधांचा तुटवडा, विषारी दुष्परिणामांनी होणारे मृत्यू, आजार उलटणे आणि अर्धवट सुटलेला उपचार. शेवटचे कारण असे आहे की त्यावर डॉक्टर नसलेला माणूसही काम करू शकतो.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा तीव्र लिम्फोब्लास्टिक कर्करोग. त्याचा उपचार साधारण अडीच ते तीन वर्षे चालतो. पहिल्या काही महिन्यांत मूल बहुतेक काळ रुग्णालयात किंवा त्याच्या जवळ असते, रक्त लागते, संसर्ग होतात आणि देणगीदारांचे लक्षही तिथेच असते. त्यानंतर सुमारे दोन वर्षांचा मेंटेनन्सचा, म्हणजे आजार उलटू नये म्हणून औषध चालू ठेवण्याचा, टप्पा येतो. त्यात घरी रोज गोळी घ्यायची असते, एक औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि ठरलेल्या तारखांना तपासणीला यायचे असते. मूल शाळेत जाते, खेळते, निरोगी दिसते, आणि घरच्यांची पावले इथेच थांबतात.

म्हणून प्रस्तावाचा पहिला शब्द लिहिण्याआधी बाह्यरुग्ण विभागाबाहेर परवानगीने काही सकाळ बसा. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि मिहानमधील एम्स अशी वेगवेगळ्या व्यवस्थापनांची रुग्णालये आहेत. त्यांपैकी कुठे मुलांसाठी स्वतंत्र तज्ज्ञ आणि खाटा आहेत, कुठे मुले मोठ्यांच्याच वॉर्डात आहेत आणि कुठून मुलांना दुसरीकडे पाठवले जाते, हे स्वतः जाऊन विचारा. रुग्ण विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांबरोबर छिंदवाडा, बालाघाट, शिवनी, बैतूल, छत्तीसगड आणि तेलंगणाच्या सीमेवरूनही येतात, म्हणून मराठीबरोबर हिंदी, गोंडी आणि माडिया बोलणारे लोक आपल्याला लागतील, हेही तिथे बसल्यावरच कळते.

२. संस्थेची कागदपत्रे आधी पूर्ण करा

रुग्णालयाच्या प्रशासनाला आपली तळमळ दिसते, पण सही करणाऱ्या अधिकाऱ्याला फाइल लागते. ती एकदाच, नीट, स्वसाक्षांकित प्रतींसह तयार ठेवावी:

- महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील नोंदणी प्रमाणपत्र, किंवा संस्था कंपनी स्वरूपाची असल्यास कंपनी कायद्याच्या कलम ८ चा परवाना
- घटना किंवा न्यासपत्र, आणि विश्वस्तांची अद्ययावत यादी (अनुसूची एक)
- पॅन, आणि संस्थेच्या नावाचे बँक खाते
- आयकराच्या १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला करात वजावट) या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या
- मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल
- नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील नोंदणी क्रमांक
- कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी घ्यायचा असल्यास सीएसआर-१ नोंदणी, जी १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक आहे
- करार करण्याचा आणि सही कोणी करायची याचा विश्वस्त मंडळाचा ठराव
- बालसंरक्षण धोरण, आणि वॉर्डात जाणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी

सर्वांत जास्त लोक अडतात ते विश्वस्तांच्या यादीवर. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि अनेक संस्थांच्या अनुसूचीत अजूनही दिवंगत किंवा निवृत्त विश्वस्तांची नावे असतात. रुग्णालयाच्या विधी सल्लागाराने हा फरक दाखवला की करार तिथेच थांबतो. विदेशी देणगीचा विचार असेल तर विदेशी अभिदाय (विनियमन) कायद्याखालील नोंदणी वेगळी घ्यावी लागते, पैसे आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच यावे लागतात आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. नवख्या संस्थेने पहिली दोन-तीन वर्षे या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. एकच गरज निवडा

रुग्णालय विचारेल, "तुम्ही काय देऊ शकता?" आणि उत्साहात आपण सगळेच म्हणून बसतो. औषधांचा मोठा भाग अनेकदा सरकारी योजनेतून निघू शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि परराज्यातील आयुष्मान कार्डधारकालाही अंगीकृत रुग्णालयात ते वापरता येते. मग पैसा कुठे अडतो? निदान पक्के होण्याआधीच्या तपासण्या, मंजुरी येईपर्यंतचे दिवस, पॅकेजात न बसणारी प्रतिजैविके, प्रवास, खोलीचे भाडे, जेवण आणि आईवडिलांची बुडालेली मजुरी. आमच्या पाहणीत उपचार सुटण्याची कारणे या दुसऱ्या यादीतच होती.

यांपैकी एक किंवा फार तर दोन गोष्टी घ्या. प्रवासखर्च आणि पाठपुरावा ही जोडी नव्या संस्थेला पेलते, खर्चाचा अंदाज बांधता येतो आणि परिणाम दिसतो. निवासगृह ही मोठी जबाबदारी आहे, ती दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवावी. देशपातळीवर कॅनकिड्स २००४ पासून आणि सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून मुलांच्या कर्करोगाच्या क्षेत्रात आहेत. सेंट ज्यूडने उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांच्या निवासावरच लक्ष केंद्रित केले, आणि एका गरजेवर ठाम राहिल्याने काय साधते हे त्यातून शिकण्यासारखे आहे. आपण निवडलेली गरज दुसरी संस्था त्याच वॉर्डात आधीच भागवत असेल तर तिच्याशी बोलून काम वाटून घ्या. एकाच मुलाचा एकच खर्च दोन संस्थांनी दिला आणि शेजारच्या खाटेवरच्याला कोणीच दिला नाही, असे सहज घडते.

४. कोणाच्या दारी जायचे, आणि कोणत्या क्रमाने

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पहिली भेट समाजसेवा अधीक्षकांची घ्यावी. कोणत्या कुटुंबाची काय अडचण आहे हे त्यांना ठाऊक असते आणि आपल्या प्रस्तावावर त्यांचा अभिप्राय पुढे जातो. त्यानंतर विभागप्रमुख, मग वैद्यकीय अधीक्षक आणि शेवटी अधिष्ठाता. विभागातील डॉक्टरांचे लेखी "आम्हाला याची गरज आहे" असे पत्र सोबत असेल तर फाइल चालते. आपण थेट वरून आलो तर ती खालीच फिरत राहते. खासगी विश्वस्त रुग्णालयात हा प्रवास वैद्यकीय संचालक आणि विश्वस्त मंडळाकडून होतो. तिथे एक गोष्ट जरूर विचारा: धर्मादाय रुग्णालयांना विश्वस्त संस्थांच्या नोंदणीच्या, वर आलेल्या १९५० च्या कायद्याच्या कलम ४१एए खालील योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात, आणि निर्धन रुग्ण निधी वेगळा ठेवावा लागतो. ज्या मुलाला त्या खाटेचा हक्क आहे, त्याचे बिल संस्थेच्या देणगीतून भरणे म्हणजे दुसऱ्या मुलाचे पैसे संपवणे होय.

वेळेचेही भान ठेवा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे नागपुरातील शासकीय अधिकारी गुंतलेले असतात आणि मार्चअखेर हिशेबांची गर्दी असते. जुलै ते सप्टेंबर या काळात आमच्या फाइली सर्वांत सुरळीत पुढे सरकल्या.

५. सामंजस्य करारात काय असावे

तोंडी समजुतीवर काम सुरू करू नका. विभागप्रमुखांची बदली झाली की तोंडी समजूत त्यांच्याबरोबर जाते. आमच्याबाबतीत तसे झाले आणि सहा महिने आम्हाला वॉर्डात जाता आले नाही. करार लेखी आणि मुद्रांकावर करावा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० आणि २०० रुपयांऐवजी किमान ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते, तेव्हा जुन्या नमुन्यावर विसंबू नये. कलमे साध्या भाषेत, पण नेमकी हवीत:

संस्था काय करील आणि काय करणार नाही. मुलाची निवड कोण, कोणत्या निकषांवर करील. उपचाराचा निर्णय पूर्णपणे डॉक्टरांचा राहील. संस्थेच्या समन्वयकाला कोणत्या वेळी, कुठपर्यंत प्रवेश असेल आणि बसायला जागा कोणती. रुग्णाची कोणती माहिती संस्थेला मिळेल आणि ती किती काळ ठेवली जाईल. पैसे कोणत्या मार्गाने जातील. तक्रार कोणाकडे करायची. दर तिमाहीला बैठक कोण बोलावील. आणि करार संपवायचा असल्यास किती दिवसांची सूचना द्यायची.

याशिवाय दोन कलमे मी कधीही सोडणार नाही. पहिले, ठरलेल्या तारखेला न आलेल्या मुलांची नावे रुग्णालय समन्वयकाला त्याच दिवशी देईल. दुसरे, करार संपला किंवा मोडला तरी ज्या मुलाची नोंद झाली आहे त्याला ठरलेली मदत उपचार पूर्ण होईपर्यंत संस्था देत राहील. या दुसऱ्या कलमासाठी तेवढी रक्कम बँकेत बाजूला ठेवावी लागते, आणि म्हणून आपण किती मुले घेऊ शकतो याचा आकडा आपोआप खाली येतो. तो खाली येऊ द्यावा.

६. पैशाची शिस्त

आईवडिलांच्या हातात औषधासाठी रोख देऊ नये, आणि संस्थेने औषधे विकत घेऊन स्वतःच्या कपाटात ठेवून वाटूही नयेत. औषधांच्या साठवणीला आणि विक्रीला परवाना लागतो, काही इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच टिकतात आणि मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, मुलाच्या नोंदणी क्रमांकासह, रुग्णालयाच्या औषधालयाला थेट धनादेश किंवा बँक हस्तांतरण करावे. कोणत्या कंपनीचे औषध घ्यायचे हे डॉक्टरांनी ठरवावे. स्वस्त मिळाले म्हणून संस्थेने बदल सुचवू नये.

देणगीदाराला पावती लगेच द्या. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर त्याला ८०जी ची वजावट मिळत नाही, हे आधीच सांगा. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेवरच्या मोठ्या कंपन्या आपल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करतात, पण तो निधी बहुधा वर्षापुरता असतो आणि मुलाचा उपचार तीन वर्षांचा. म्हणून कंपनीचा पैसा थर्मामीटर, संगणक, प्रशिक्षण अशा एकवेळच्या खर्चाला वापरावा आणि मुलांचा प्रवास व निवास दरमहा छोटी रक्कम देणाऱ्या स्थानिक देणगीदारांवर उभा करावा.

७. समन्वयक: पहिली नेमणूक आणि पगारी नेमणूक

स्वयंसेवक रविवारी येतात. आईला मदत मंगळवारी दुपारी लागते. शक्य असल्यास समाजकार्याची पदवी असलेली, हिंदी-मराठी दोन्ही येणारी आणि रोज वॉर्डात बसणारी एक व्यक्ती पगारावर नेमा. तिची रोजची कामे लिहून द्या.

नवे कुटुंब आले की आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणाऱ्या, सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनीसाकडे) नेणे हे पहिले काम. शिधापत्रिकेवर मुलाचे नाव नसणे, आधारवर जन्मतारीख वेगळी असणे, शाळेच्या दाखल्यावर आडनाव निराळे असणे, या तीन गोष्टींवर मंजुरी अडते. कुटुंबाकडून शिधापत्रिका, सर्वांची आधार कार्डे, मुलाचा जन्मदाखला, रहिवासी व उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक मागवून घ्यावे. नाव चढवायला वडिलांना तहसीलला परत जावे लागलेच, तर तोपर्यंतच्या खर्चाची सोय संस्थेने करावी.

प्रवासाची सवलत हे दुसरे काम. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येताना रेल्वेच्या शयनयान आणि थ्री एसी वर्गात भाडे माफ आहे व सोबत्याला त्याच वर्गांत ७५ टक्के सूट आहे. त्यासाठी रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात दिलेले प्रमाणपत्र घेऊन आरक्षण खिडकीवरच जावे लागते. एस.टी.लाही कर्करोगाच्या रुग्णांसाठी सवलत आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवड्यात नागपूरकडे येणाऱ्या गाड्या आणि शहरातील स्वस्त खोल्या भरलेल्या असतात, म्हणून त्या आठवड्यातील तारखांची तिकिटे खूप आधी काढा.

८. तारीख चुकली की त्याच दिवशी फोन

सगळ्या भागीदारीचा कणा इथे आहे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे पुढची तारीख, दोन मोबाईल क्रमांक, गावातील आशाताईंचा क्रमांक आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव लिहिलेली वही ठेवा. संगणकावर ठेवली तर उत्तम, पण वही तरी हवीच. मूल आले नाही तर त्याच संध्याकाळी फोन, दुसऱ्या दिवशी आशाताईंना फोन आणि आठवड्यात प्रत्यक्ष माणूस. रागावून बोलू नये, "भाऊ, काय अडले?" एवढेच विचारावे आणि जे अडले ते सोडवावे.

काही अडथळे आधीच दिसतात. जून-जुलैची पेरणी आणि रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि कापूस वेचणी, लग्नसराई. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, म्हणून त्या भागातील मुलांना मेंटेनन्सच्या गोळ्या पावसाआधी वाढीव मुदतीच्या द्याव्यात अशी विनंती डॉक्टरांना मे महिन्यातच करावी.

घरी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तीन वस्तू द्या: थर्मामीटर, गोळ्यांचे चित्रमय कॅलेंडर आणि डॉक्टरांच्या सहीचे पत्र. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी चुकून रोज दिली गेली तर मुलाच्या जिवावर बेतते, म्हणून कॅलेंडरवर तो वार वेगळ्या रंगात हवा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की ती तातडीची वेळ आहे, पांढऱ्या पेशी कमी असताना काही तासांत संसर्ग रक्तात पसरू शकतो, हे आईला पाठ होईपर्यंत सांगावे. पत्र जवळच्या ग्रामीण रुग्णालयासाठी असते: मुलाचा आजार, चालू औषधे, पहिले प्रतिजैविक कोणते द्यावे आणि नागपुरात कोणाला फोन करावा. या एका कागदाने आमच्या मुलांचे वाटेतले तास वाचले आहेत.

९. रक्त, जेवण आणि राहण्याची जागा

प्लेटलेट साठवणीत साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे एका मोठ्या शिबिराने वर्षाची सोय होत नाही. महाविद्यालये, बँका आणि मंडळांतून रक्तगटानुसार यादी करून आठवड्याला चार-पाच दाते मिळतील असे पाहावे. परगावच्या आईबापांचे या शहरात कोणी नसते, आणि "बदली दाता आणा" (मुलाला दिलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त देणारा माणूस आणा) हे वाक्य त्यांना सर्वांत घाबरवते. परीक्षा आणि मे महिन्यात दाते घटतात. त्या महिन्यांची यादी वेगळी ठेवा.

जेवण ताजे, पूर्ण शिजलेले, पाणी उकळलेले. देणगीदार प्रेमाने तर्री-पोहे आणि कापलेली फळे आणतात, ती नम्रपणे नाकारावीत. संत्री-केळी अखंड आणि स्वच्छ धुतलेली चालतात का, हे त्या दिवशीचे रक्तपेशींचे काउंट पाहून परिचारिकाच सांगतील. मऊ केसाळ खेळण्यांऐवजी धुता येणारी आणावीत. खोली भाड्याने घेतली तर कूलरची टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करून पुसावी, कारण साचलेल्या पाण्यात डासही होतात आणि जंतूही.

१०. छायाचित्रे आणि निरोप

मुलाचा चेहरा, नाव आणि गाव समाजमाध्यमांवर टाकू नये. लेखी संमती घेतली तरी मदतीची गरज असलेली आई नाही म्हणू शकत नाही, हे लक्षात ठेवावे. मूल मोठे झाल्यावर लग्नाच्या किंवा नोकरीच्या वेळी ते चित्र त्याच्यापुढे येऊ शकते. देणगीदारांना आकडे सांगा: किती मुलांची नोंद झाली, किती तारखा पाळल्या गेल्या, किती सुटल्या आणि त्यांपैकी किती परत आणल्या.

काही मुले जातात. त्या दिवशी मृतदेह गावी नेण्यासाठी वाहन, कागदपत्रांत मदत आणि सोबत एक माणूस, ही तरतूद करारात आणि अंदाजपत्रकात आधीपासून असू द्या. शववाहिकेचे तीनशे किलोमीटरचे भाडे रात्री दोन वाजता कोण देणार, हा प्रश्न बापाला विचारण्याची वेळ येऊ नये. त्या घरी पंधरा दिवसांनी समन्वयकाने फोन करावा, आणि शक्य असेल तर जाऊन यावे.